वाक्य संपेपर्यंत ऐक

श्टुटगार्ट

चि. सोनूस,

तुझं पत्र मिळालं. व्याकरणाचा पेपर सहज सुटतो, पण श्रवणाची ध्वनिफीत लागली की सगळं एकसलग धावतं आणि हाती काही लागत नाही, असं तू लिहिलंस. इथे परिचारिका म्हणून मान्यता मिळायला साधारणपणे जर्मनची बी-२ पातळी लागते, त्यामुळे तुझा घोर मला कळतो. माझं सांगणं एकच: डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या ऐकायला लाग.

सोमवार ते शनिवार रोज नवं बातमीपत्र येतं, सोबत त्याचा पूर्ण मजकूर असतो. भाषा नेहमीच्या बातम्यांचीच, फक्त शब्द सुटा आणि स्वच्छ उच्चारलेला. याउलट व्हॉइस ऑफ अमेरिका या नभोवाणीने १९५९ साली 'स्पेशल इंग्लिश' सुरू केलं, तेव्हा गती तर कमी केलीच, शिवाय शब्दसंग्रह दीड हजारांच्या आसपास ठेवला आणि वाक्यंही आखूड केली. डॉइचलांडफुंक ही जर्मन नभोवाणीही आठवड्याच्या बातम्या सोप्या भाषेत देते, तीही चांगली सोय आहे. पण तुझं व्याकरण पक्कं आहे, शब्दही पुष्कळ येतात. एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, एवढंच कानाला उमगत नाही. तुला भाषा पुरती हवी, वेग तेवढा कमी.

सकाळी आपल्या मराठी वर्तमानपत्रातलं परदेशाचं पान आधी वाच. युद्ध कुठे चाललंय, निवडणूक कुठे झाली हे ठाऊक असलं की नावं आणि गावं कान आपोआप पकडतो. मग बातमीपत्र मजकूर न बघता ऐक. दुसऱ्यांदा मजकुरावर बोट ठेवून ऐक आणि जे शब्द वाचताना ओळखीचे, पण ऐकताना निसटले, तेवढ्यांखाली रेघ मार. तिसऱ्यांदा निवेदकाबरोबर मोठ्याने वाच. शेवटी मजकूर मिटून पुन्हा ऐक. रोज एकच बातमीपत्र, पण असं घोळवून.

जर्मनमध्ये गौण वाक्याचं क्रियापद शेवटी येतं. मुख्य वाक्यातही पुष्कळदा त्याचा सुटलेला उपसर्ग थेट शेवटच्या टोकाला जाऊन बसतो. बैठक ठरली की रद्द झाली, हे तिथवर पोचल्याशिवाय कळत नाही. आपलं मराठी क्रियापदही शेवटीच येतं, म्हणजे वाट पाहायची सवय आपल्या कानाला आहे. अडतं ते मध्येच एखादा अनोळखी शब्द आला आणि मन तिथे रेंगाळलं की. सावकाश वाचनात तो शब्द सोडून पुढे जायला उसंत मिळते. हे सोडून देणं शिकलीस की अर्धं काम झालं.

मात्र यावरच थांबू नकोस. वॉर्डात कुणी निवेदकासारखं बोलत नाही. दुखत असलेला माणूस अर्धे शब्द गिळतो, आणि इथली म्हातारी माणसं श्वाबियन बोलीत बोलतात. म्हणून मजकुराशिवाय बातमी कळू लागली की त्याच दिवसाच्या बातम्या डॉइचलांडफुंकवर नेहमीच्या गतीने ऐक. विषय तोच असल्यामुळे वाढलेला वेग झेपेल.

हे परीक्षेपुरतं समजू नकोस. रुग्ण सांगेल की रात्रीची गोळी मी घेतली नाही, तेव्हा ते 'नाही' आणि 'घेणं' दोन्ही त्याच्या वाक्यात शेवटाकडे असतील. पहिल्या दोन शब्दांवरून अर्थ ताडून मान हलवणारी परिचारिका तिथेच चुकते. वाक्य संपेपर्यंत कान देणं हे तुझ्या भाषेचं काम आहे तितकंच तुझ्या सेवेचंही, म्हणून त्याचा सराव आजपासून कर.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी