धुऱ्यावरून

आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तांदळाची पोती तोंड उघडून ठेवलेली असतात आणि प्रत्येकात पुठ्ठ्याची एक पाटी खोचलेली असते. कोलम, इंद्रायणी, आंबेमोहोर, आणि कडेला निळ्या स्केचपेननं लिहिलेलं ‘एचएमटी जुना’. परवा एका शाळकरी पोरानं ती पाटी मोठ्यानं वाचली आणि विचारलं, हे कशाचं नाव आहे? दुकानदार म्हणाला, तांदळाचं. पोराची आजी म्हणाली, घड्याळाचं. तुझ्या आजोबांना लग्नात मिळालं होतं. पोरगा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. त्याला पुढे कोणी काही सांगितलं नाही. मी अर्धा किलो पोहे घेऊन निघाले, पण ते डोक्यातून जाईना.

घड्याळाचं सांगणं सोपं आहे. १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरच्या सरकारी कारखान्यात ती व्हायला लागली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं मॅट्रिक झालं की एचएमटी, नोकरी लागली की एचएमटी, जावई आला की एचएमटी, असं चाललं. घड्याळांची ती कंपनी बंद करायचं केंद्र सरकारनं २०१६ मध्ये ठरवलं. तांदूळ मात्र अजून पोत्यात आहे, आणि त्याचं सांगायचं तर नागभीडकडे जायला हवं.

हा तांदूळ नांदेडचा. गुरुद्वाराचं नांदेड नव्हे. हे चंद्रपूर जिल्ह्यातलं, नागभीड तालुक्यातलं, तळोधीच्या बाजूचं छोटंसं गाव. पुण्या-मुंबईच्या मंडळींच्या डोक्यात विदर्भ म्हणजे कापूस, संत्री आणि ऊन. ऊन खरं आहे. मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत तिथून जवळच्या ब्रह्मपुरीचं नाव हमखास असतं. पण वैनगंगेच्या दोन्ही अंगांना कापूस शोधायला निघालात तर दिवस फुकट जाईल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग मिळून जी झाडीपट्टी होते, तिथे धान पिकतो. पाऊस भरपूर, जंगल गावाच्या पाठीला लागलेलं, आणि जंगलात वाघ. मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायका तिथे पहाटे एकट्यानं जात नाहीत.

अशा गावात बघायला काय आहे, असं पाहुणा आधी विचारतो. काही नाही. कौलारू घरं आणि त्यांच्यामधून डोकं काढणारी नवी स्लॅबची घरं, पाण्याची टाकी, एक समाजमंदिर, अंगणात सायकल आणि तणसाचा ढीग. देऊळ पाहायला जावं तर तेही शेजारच्या गावात जास्त जुनं असतं. मला अशी गावं आवडतात, कारण तिथे पाहुण्याला दाखवायच्या जागा नसल्यामुळे लोक त्याला सरळ शेतावर नेतात.

इथल्या शेताला बांधी म्हणतात. चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला, मधे पाणी अडलेलं. एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत पाणी उतरत जातं आणि त्या उतरण्यावरून भावाभावांत भांडणं होतात. आषाढ लागला की रोवणा. पऱ्ह्याच्या पेंड्या बांधीत फेकलेल्या असतात, बायका डोक्यावर मेणकापड घेऊन ओळीनं वाकतात आणि मागे मागे सरकत जातात. हात पाण्यात जातो, अंगठ्यानं रोप चिखलात दाबतो आणि बोटं वर येईपर्यंत पुढची काडी त्यांत आलेली असते. हे काम बहुधा गुत्त्यानं घेतलेलं असतं, त्यामुळे गप्पा चालू, हात चालू. दुपारी धुऱ्यावर बसून डबे उघडतात तेव्हा त्यांच्या बोटांची कातडी पांढरी होऊन सुरकुतलेली दिसते.

पुढे अश्विनात धान निसवतो. तेव्हा धुऱ्यावर उभं राहिलं तर आपल्याला एकच एक हिरवट-पिवळं पसरलेलं दिसतं. छान आहे असं म्हणून आपण फोटो काढतो. १९८३ साली अशाच एका धुऱ्यावर दादाजी रामाजी खोब्रागडे उभे होते. दीड एकराचे शेतकरी. बांधीत ‘पटेल ३’ जातीचा धान होता. त्यांना त्यात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. रंग जरा पिवळसर, दाणा बारीक.

बियाण्याच्या धानात वेगळी लोंबी म्हणजे भेसळ. ती दिसली की उपटून धुऱ्यावर फेकायची, हे झाडीतल्या पोरांनाही माहीत असतं. दादाजींनी त्या तीन ठेवल्या. दाणे प्लास्टिकच्या पिशवीत राखले आणि पुढच्या वर्षी शेताच्या मध्यभागी लावले. रानडुकरांनी उकरू नयेत म्हणून भोवती काटेरी फांद्या टाकल्या. धानाचं फूल स्वतःच्याच परागावर भागवतं, शेजारच्या रोपाची भेसळ त्यात सहसा होत नाही, म्हणून एक वेगळं रोप सांभाळलं तर त्याचा वंश तसाच राहतो. पण हे पुस्तकातलं वाक्य झालं. बांधीत त्याचा अर्थ असा, की दरवर्षी कापणीआधी वाकून वाकून फिरायचं, मनासारखी लोंबी राखायची, बाकीची खायला घालायची. एका वर्षात एक पीक. चूक झाली तर ती कळायलाही एक वर्ष. घरात तांदळाची ददात असताना बियाण्याचं गाडगं न उघडणं हे कुठल्या संशोधनपद्धतीत बसतं, मला ठाऊक नाही.

चार-पाच वर्षांत बी वाढलं. शेजाऱ्यांनी मागून नेलं. दाणा बारीक, शिजायला चांगला, उतारा बरा. धान तळोधीच्या बाजारात गेला, तेव्हा व्यापाऱ्यानं नाव विचारलं आणि नाव नव्हतंच. म्हणून त्यानं चलतीत असलेल्या घड्याळाचं दिलं. तिथून तो शेजारच्या राज्यांतही पसरला. १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसारित केलं आणि दादाजींचं म्हणणं अखेरपर्यंत हेच होतं की ते बी आपल्याकडूनच नेलेलं. शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंद करता यावी असा कायदा संसदेनं केला २००१ मध्ये. तोवर एचएमटी कोणाच्याही बांधीत होता. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींना पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्सनं त्यांची दखल घेतली, राज्य सरकारनंही सोन्याचं पदक दिलं. त्या पदकातलं सोनं अस्सल नव्हतं, हे नंतर बातम्यांत आलं.

त्यांच्यावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात ते तिसरीपर्यंत शिकले होते हे पहिल्या परिच्छेदात असतं. मला त्याचा कंटाळा येतो. एचएमटीनंतर त्यांनी नांदेड हिरा, विजय नांदेड, डीआरके अशी आणखी वाणं निवडून काढली. माणूस एकदा नशिबानं यशस्वी होतो, इतक्यांदा नाही. २०१८ च्या जूनमध्ये, पऱ्हे टाकायच्या दिवसांत, ते गेले.

धान म्हटला की पाणी आलं, आणि झाडीत पाणी म्हटलं की तलाव. पूर्व विदर्भात जुने सहा हजारांवर तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं त्यांतले बरेच बांधले. जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला आणि तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळत असे. पुढे ते मालगुजारांकडे आले, १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, आणि माजी मालगुजारी तलावांना सरकारी कागदांत ‘मामा तलाव’ हे लाडकं नाव मिळालं. नाव मिळालं, वाली गेला. पाळीवर झाडं वाढली, पोटात गाळ साठला, काठाला बेशरम माजली. तरी ज्या तलावांकडे धीवर लोकांचं लक्ष आहे तिथे मरळ आहे, झिंगे आहेत, आणि उथळ पाण्यात आपोआप उगवणारा देवधान आहे, जो उपासाला चालतो. कोणीही न पेरलेला म्हणून चालतो, हे मला फार पटलेलं कारण आहे.

पण झाडीची खरी गंमत धान घरी आल्यावर. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक. मी पहिलं पाहिलं ते नात्यातल्या एका भावजींच्या हट्टानं. दिवसभर एक रिक्षा भोंगा लावून गावात फिरत होती. नाटकाच्या नावात कुंकू होतं. आई, भाकर, सौभाग्य आणि कुंकू यांतलं काहीतरी असावंच लागतं. रात्री साडेनऊला आम्ही पोचलो तेव्हा कापणी झालेल्या बांधीवर मांडव घातलेला होता, पुढे खाली बसणारे, मागे खुर्च्या. भावजींनी मानानं खुर्चीची तिकिटं काढली होती. मी अर्ध्या तासात खाली जाऊन बसले. ताडपत्रीखाली कापलेल्या धानाची धसकटं होती आणि ती बरोबर मांडीला टोचत होती. शेजारची आजी घोंगडी पांघरून ठाण मांडून होती. तिनं मला निरखलं आणि म्हणाली, “कोनाकडं आल्या जी?” मी सांगितलं. तिनं घोंगडीचं एक टोक माझ्या गुडघ्यांवर टाकलं आणि त्यानंतर नाटक मला दोनदा दिसलं, एकदा तिच्या तोंडून आणि मग रंगमंचावर. तिनं ते मागच्या आठवड्यात दुसऱ्या गावात पाहिलेलं होतं.

अकराला घंटा झाली. तबला, ऑर्गन, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेमागे उभ्या असलेल्या बैलबंडीपर्यंत जावा. खलनायक आला तो हसतच आला. त्यानं विधवेच्या हातातला कागद ओढला तेव्हा पुढच्या पोरांनी त्याला शिव्या दिल्या; तो क्षणभर थांबला, त्यांच्याकडे बघून मिशीवर हात फिरवला आणि मग पुढचं वाक्य बोलला. शहरात प्रायोगिक नाटकाला बसलेले आम्ही खोकला आला तरी गुन्हेगारासारखे दाबतो. इथे नायिकेनं गाणं संपवलं की वन्स मोअर, आणि ती कपाळावरचा घाम पुसून पुन्हा मुखड्यावर. विंगेतला प्रॉम्प्टर मला स्पष्ट ऐकू येत होता. एका प्रवेशात तो नटाच्या आधी रडला.

दोनच्या सुमाराला चहा आला. मागच्या खुर्च्यांवर तोवर वेगळाच अंक चालू झाला होता. मंडईला लेकी-जावई येतात, सोयरेधायरे येतात, आणि स्थळं बघायला याहून बरी जागा नाही. मुलगा नागभीडला नोकरीला आहे, जमीन तीन एकर, तलावाखालची. तलावाखालची म्हटल्यावर मुलीच्या मामाची मान हलली. आजी मला म्हणाली, “काहून जी, झोप येते का? मरायचाय अजून तो.” तो पहाटे चारनंतर मेला. फार वेळ घेऊन, दोन कडवी म्हणून मेला, आणि आजीनं डोळ्याला पदर लावला. गेल्या आठवड्यातही लावला असणार.

भडक म्हणतात लोक. आहे भडक. मला त्याचं काही वाटत नाही. चार महिने वाकून काम केलेल्या माणसांना कुजबुजत्या आवाजातलं दुःख कशाला हवं? दंडार, खडी गंमत या लोककलांतून हे नाटक आलं आणि आज त्याचा मोठा धंदा झालाय. नाटक कंपन्यांची बहुतेक कार्यालयं वडसा देसाईगंजला आहेत, हंगामात नट रोज रात्री वेगळ्या गावात. २०२३ मध्ये इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या बऱ्याच नाट्यरसिकांनी झाडीपट्टी रंगभूमी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. मंडईला जोडून शंकरपटही असे. बैलांच्या त्या शर्यती २०१४ च्या निकालानं थांबल्या, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा मान्य केल्यावर त्यांच्यावरची टांगती तलवार गेली. बैलांच्या बाजूनं माझं मत वेगळं आहे, पण तिथे ते बोलून दाखवायची माझी टाप नाही.

तुम्हाला जायचं असेल तर दिवाळीनंतर जा. गोंदिया-बल्लारशा मार्गावर वडसा स्टेशन आहे; उतरल्यावर कोणालाही विचारा, आज नाटक कुठे आहे. खुर्चीचं तिकीट काढू नका. खाली बसा, आणि जाड सतरंजी घरूनच न्या.