तार आणि वाट

प्रतीक्षेला मराठीत 'वाट पाहणे' म्हणतात. या शब्दप्रयोगात एक रस्ता गृहीत धरलेला आहे. जे यावयाचे ते त्या रस्त्याने येईल आणि दारात उभे राहिल्यास वळणावर दिसेल, असा विश्वास त्यात आहे. कन्नडात 'कायु' हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ थांबून राहणे असा होतो, राखण करणे असाही होतो आणि तापणे असाही. बोम्मसंद्रात निम्मे आयुष्य घालवलेल्या, मूळच्या कणकवलीकडच्या एका गृहस्थांना, घरी इंटरनेटची तार येण्याची प्रतीक्षा करताना, अलीकडे कन्नड क्रियापदच अधिक जवळचे वाटू लागले आहे.

बंगळूरहून होसूरकडे जाताना इलेक्ट्रॉनिक सिटी मागे पडली की हे गाव लागते. नावातील 'संद्र' हे 'समुद्र' शब्दाचे झिजलेले रूप. समुद्र म्हणजे इथे तळे. आजची ओळख मात्र कारखान्यांची. १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोची पिवळी मार्गिका इथवर सुरू झाली. तिची वाट खरोखर पाहता आली. रस्त्याच्या मध्यावर खांब उभे राहत होते आणि ते मोजता येत होते. काचेच्या तारेचे तसे नाही. ती जमिनीखालून जाते. दिसतो तो खणलेला चर, आणि तोही चार दिवसांत बुजतो. गृहस्थांच्या गल्लीच्या तोंडाशी असे दोनदा झाले. 'पुढच्या महिन्यात' असे सांगून गेलेला माणूस पुन्हा आला नाही.

त्यांची थोरली बहीण गावी असते. वय ऐंशीच्या पुढे. ऐकू फारच कमी येते, म्हणून बोलणाऱ्याचे ओठ तिला दिसावे लागतात. तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत मोबाइलचे चित्र मध्येच गोठते, ओठ अर्धवट उघडे राहतात, आणि पलीकडे ती "काय म्हणालास रे?" असे विचारीत राहते.

बंगळूरला ही प्रतीक्षा नवी नाही. १९४८ साली स्थापन झालेला टेलिफोनचा सरकारी कारखाना याच शहरातला; त्याच्या वसाहतीचे नाव दूरवाणीनगर. (मराठीने यंत्राच्या नावात 'ध्वनी' घेतला, कन्नडाने 'वाणी', कन्नडाची निवड अधिक माणुसकीची म्हणावी लागेल.) तरी १९८० च्या दशकात देशभर टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे यादीत नाव ठेवून बसावे लागे. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने बंगळूरात कचेरी उघडली ती स्वतःची उपग्रह-जोडणी घेऊनच. ज्याला थांबणे परवडत नव्हते त्याने आकाशातून मार्ग काढला.

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर केली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडावयाच्या होत्या. २०१५ साली योजनेचे नाव भारतनेट झाले. पहिल्या एक लाख पंचायतींना २०१७ चा डिसेंबर उजाडला. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. विलंबाची कारणे समजण्यासारखी आहेत. न समजणारी गोष्ट आहे ती 'पोहोचणे' या शब्दाचा वापर. योजनेच्या मूळ हिशेबात तार पंचायतीच्या कचेरीत शिरली की गाव जोडले गेले. कचेरीपासून चुलीपर्यंतचे अंतर त्यात नव्हते. २०२० साली टाळेबंदीत, या गृहस्थांच्याच कणकवली तालुक्यात, एका विद्यार्थिनीच्या ऑनलाइन अभ्यासासाठी घरच्यांना डोंगरावर खोप बांधावी लागली होती, कारण संपर्क तिथेच मिळत होता.

बोम्मसंद्राची गोष्ट आणखी विचित्र. इथे आता पुरसभा आहे, म्हणून ग्रामपंचायतींच्या यादीत हे गाव बसत नाही. आणि शहर म्हणावे तर खाजगी कंपन्यांच्या नकाशात ही गल्ली बसत नाही.

काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. गल्लीच्या तोंडापासून गृहस्थांच्या उंबऱ्यापर्यंत सत्तर पावले आहेत. ती त्यांनी मोजली आहेत. हल्ली बहिणीशी बोलायचे झाले की ते ही सत्तर पावले चालून जातात आणि बुजवलेल्या चरावर उभे राहून, तोंडासमोर मोबाइल धरून, एकेक शब्द सावकाश उच्चारतात.