न मारता उठलेला डाग

मार बसला की अंग काळंनिळं पडतं, हे आमच्या वस्तीत शाळेआधी कळतं. न मारता पडलं, तर त्याचा पंचनामा कुणी करायचा?

आक्काच्या मांड्यांवर, दंडावर डाग उठायचे. आधी आग व्हायची, मग सूज, मग निळं. दाजी मरून तवा सहा महिने झालेले. भगत म्हणाला, बाहेरचं हाय. दवाखान्यात पहिला सवाल, "नवरा पिऊन मारतो का?" आमची बाई दिसली की यांना दारूच दिसते. रक्त तपासलं. गोठण्यात काही खोट नाही. मग म्हणाले, "मनाचं आहे", आणि केसपेपर बाजूला सारला. म्हणजे काय, आक्का सोंग करते?

मी सूतगिरणीत, रिंग खात्यात. रात्रपाळी सुटली की वाचतो. 1955 साली अमेरिकेत गार्डनर आणि डायमंड या डॉक्टरांनी अशाच चार बायांची हकिकत छापली. बाईच्याच रक्तातल्या तांबड्या पेशी तिच्या कातडीत टोचल्या, तर तिथं तसाच डाग उठला. आज आजाराला त्या दोघांचंच नाव आहे. (बायांची नावं कुठं नाहीत.) बहुतेक बायांनाच होतो, मनावर मोठा घाव बसल्यावर. आतली गोम अजून पुरती उलगडलेली नाही. पण डाग खरा, ठणका खरा. मनाच्या डॉक्टरकडे जाऊन काहींचे डाग कमीही झालेत.

आक्काला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या चौघींची माणसं बी गेली व्हती का रं?"