छाती न उघडता

बायपास सुचवणारा डॉक्टर मला कायम संशयित वाटत आला. कट प्रॅक्टिसच्या गोष्टी ऐकून आणि ऐकवून हे मत तयार झालं होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली, तेव्हा तर मी ओळखीपाळखीत विजयी मुद्रेने फिरलो : बघा, आधी किती लुटत होते! पण खरं सांगायचं तर लुटीची चीड वरवरची होती. खाली साधी भीती होती. छातीचं हाड करवतीने कापतात एवढं मला माहीत होतं, त्यापुढचं जाणूनच घ्यायचं नव्हतं.

बायकोला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती. जिना चढताना तिला धाप लागायची. छातीत कधी कळ आली नाही, म्हणून हृदयाचं काही नसणार, हे मीच ठरवलं. वजन, वय, पित्त... कारणं माझ्याकडे तयार असायची. मधुमेहात पायांसारख्याच हृदयाकडच्या नसाही बधिर होऊ शकतात, मग दुखत नाही, नुसती धाप लागते किंवा थकवा येतो, हे नंतर कळलं. तोवर ती सांगत होती आणि मी तिला गप्प करत होतो.

अँजिओग्राफीत तिन्ही नळ्यांत ब्लॉकेज निघाले. मी लगेच म्हणालो, "स्टेंट घाला, पण छाती उघडायची नाही." ती शेजारीच बसली होती. तिला विचारावं असं मला सुचलंही नाही. छाती तिची, भीती माझी.

ज्यांचं कामच स्टेंट घालण्याचं, ते डॉक्टर म्हणाले, "मी घालू शकतो. पण यांच्यासाठी ते योग्य नाही. सर्जनना भेटा." हातात आलेलं काम दुसऱ्याकडे पाठवणारा डॉक्टर माझ्या हिशेबात कुठेच बसत नव्हता. क्षणभर मनात आलं, सर्जनशी साटंलोटं असेल. इतका मी मुरलेला.

त्यांनी अँजिओग्राफी पुन्हा पडद्यावर लावली. अडथळा एका जागी नव्हता. नळ्या लांबवर खडबडीत आणि बारीक झाल्या होत्या. "स्टेंट म्हणजे खड्डा बुजवणं. शुगरमध्ये रस्ताच उखडत जातो, आज इथे, उद्या थोडा पुढे. बायपासचा जोड या सगळ्याच्या पलीकडे लागतो. अलीकडे नवा खड्डा पडला तरी रक्त पोचतं." मग २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फ्रीडम' अभ्यासाबद्दल सांगितलं. मधुमेह आणि एकाहून जास्त नळ्यांत ब्लॉकेज असलेले १,९०० रुग्ण; पाच वर्षांत स्टेंटच्या गटात १६.३ टक्के दगावले, बायपासच्या गटात १०.९. मी मान डोलावली, पण आतून तसाच होतो. आकडे काय, कुणीही तोंडावर फेकतो.

हललो ते पुढच्या वाक्याने. "पक्षाघात मात्र बायपासमध्ये जास्त झाले. ५.२ टक्के, स्टेंटमध्ये २.४. हेही ऐकून घ्या." कुणी विचारलं नव्हतं. गळ्यात मारायच्या वस्तूचा दोष कुठला दुकानदार आपणहून दाखवतो? आणि हे ते माझ्याकडे बघून सांगतच नव्हते, तिच्याकडे बघून सांगत होते.

तिने विचारलं, "पायातली शीर काढतात ना? मग पाय कधी टेकता येतो?" पाठोपाठ आणखी प्रश्न : शुगर जास्त असली तर जखम भरेल का, इन्सुलिन कायमचं लागेल का. मी ओशाळलो. ती घाबरून गप्प आहे असं मी समजत होतो. ती विचार करत होती. घाबरून बडबडत होतो तो मी. "करू या," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली.

छातीच्या आतल्या भिंतीवरून उतरणारी धमनी तिच्या मुख्य नळीला जोडली. पायातल्या शिरेपेक्षा ही जास्त वर्षं टिकते म्हणतात. पहिले आठवडे अवघड गेले. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची.

ती हिंडू-फिरू लागली आणि मी बायपासचा प्रचारक झालो. जुनाच माणूस, हातातला झेंडा तेवढा बदललेला. त्याच डॉक्टरांनी तोही उतरवला. २००९ च्या 'बारी टू डी' अभ्यासात आजार स्थिर असलेल्या मधुमेहींमध्ये फक्त औषधांवर ठेवलेले आणि लगेच स्टेंट किंवा बायपास केलेले, अशा दोन्ही गटांतले साधारण ८८ टक्के लोक पाच वर्षांनी जिवंत होते. "सगळ्यांची छाती उघडायची नसते हो," ते हसून म्हणाले. "आणि बायपास झाला म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी सुटत नाही." ती गोळी आमच्याकडे आधीही लिहून दिलेली होती. गोळ्यांची सवय नको म्हणून मीच ती बंद करायला लावली होती. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

परवा कोल्हापूरहून चुलतभावाचा फोन आला. त्यालाही शुगर, त्यालाही ब्लॉकेज. "तू यातनं गेलायस, सांग, स्टेंट की बायपास?" मी विचारलं, किती नळ्या, कुठे, पंपिंग किती, किडन्या कशा आहेत, वहिनी काय म्हणतात, तुला स्वतःला काय वाटतं. तो वैतागला. "पूर्वी तू पटकन सांगायचास," म्हणाला.