बघा बरं, हे काय आहे?

रत्नांच्या दालनात माणसं कशी वागतात, हे मला रत्नांइतकंच बघायला आवडतं. काचेपुढे येईपर्यंत प्रत्येक जण आपल्याच तंद्रीत असतो. आतला खडा चमकला, की हात आधी शेजारच्याच्या दंडाकडे जातो. "अगं, हे बघितलंस?" सोबत कोणी नसेल, तर अनोळखी माणसाशी नजरानजर होते आणि दोघंही मान डोलावतात. सुंदर गोष्ट एकट्याच्या पोटात राहत नाही. ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

मला ज्यांना सांगावंसं वाटतं, त्यांतली बरीच माणसं आता फोनमध्ये भेटतात. बेळगावच्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो. न्यू जर्सीला मुलाकडे राहणारे काका. नाशिकचा एक तरुण, ठाण्याची एक मैत्रीण आणि आणखी काही जण. दगडांच्या आणि खड्यांच्या ओढीनं आम्ही ऑनलाइन एकत्र आलो. बहुतेकांनी एकमेकांना समोरासमोर पाहिलेलंही नाही. पण बाईंच्या गल्लीत पाणी कधी येतं, काकांच्या अंगणात बर्फ किती साचला, ठाण्याच्या मैत्रिणीची लोकल चुकली की नाही, हे मला रोज ठाऊक असतं. इडलीचं पीठ फुगलं नाही, गुडघा दुखतोय, नातवाला पहिला दात आला, अशा गप्पांच्या मधेच एखाद्या पुष्कराजाचा फोटो येऊन पडतो. त्यावर दोन तास चर्चा होते आणि गाडी पुन्हा पिठावर येते.

एकदा काका वॉशिंग्टनला गेले होते. तिथल्या स्मिथसोनियन संस्थेच्या निसर्गेतिहास संग्रहालयातून त्यांनी होप हिऱ्याचा फोटो पाठवला. ४५.५२ कॅरटचा हा निळा हिरा मूळचा आपल्याकडचा, बहुधा गोवळकोंड्याच्या मुलखातल्या कोल्लूर खाणीतला. ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्यानं तो भारतातून नेला आणि १६६८ मध्ये चौदाव्या लुईला विकला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९२ साली, राजघराण्याच्या खजिन्यातून तो चोरीला गेला आणि पुढे नव्यानं पैलू पाडलेल्या रूपात लंडनमध्ये दिसला. त्याचा निळा रंग बोरॉनचा. कार्बनच्या दहा लाख अणूंमागे बोरॉनचे अगदी मोजके अणू, तेवढ्यानं सगळा हिरा निळा झाला. त्याच्यावर अतिनील किरण सोडून दिवा बंद केला, की तो अंधारात काही काळ निखाऱ्यासारखा लाल दिसत राहतो. निळ्याच्या पोटात असा लाल दडलेला असेल, हे दिवसाउजेडी कोणाच्या मनातही येणार नाही.

पण काकांचा मला जास्त आवडलेला फोटो दुसराच होता. न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी १९५८ साली हा हिरा संग्रहालयाला भेट दिला, तेव्हा तो चक्क टपालानं पाठवला होता. साध्या तपकिरी कागदाचं पुडकं, रजिस्टर टपाल. टपालखर्च २ डॉलर ४४ सेंट, विम्यासकट सगळा मिळून १४५ डॉलर २९ सेंट. ते पुडकं संग्रहालयाच्या हाती देणाऱ्या पोस्टमनचं नाव जेम्स टॉड. त्या पुडक्याचा कागद वॉशिंग्टनच्याच टपाल संग्रहालयानं जपून ठेवला आहे, आणि तो फोटो त्याचाच होता. वर चिकटवलेली टपालखर्चाची छापील चिठ्ठी, पत्ता, शिक्के, सगळं जसंच्या तसं. हिरा जपायला फारशी बुद्धी लागत नाही, त्याची किंमत जगाला माहीत असते. गुंडाळलेला कागद जपावा, असं ज्या कोणाला वाटलं, त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. एक मौल्यवान वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली, ही गोष्ट त्या कागदानं धरून ठेवली आहे.

त्या रात्री गप्पा रंगल्या आणि बाईंनी डब्लिनच्या टाफ यांची हकिगत सांगितली. रिचर्ड टाफ हे रत्नपारखी. १९४५ साली त्यांनी एका जवाहिऱ्याकडून जुन्या, पैलू पाडलेल्या खड्यांचा एक संच विकत घेतला. घरी बसून एकेक खडा तपासत होते. त्यांत फिकट जांभळट रंगाचा, दीड कॅरटहूनही लहान खडा होता. दिसायला स्पिनेल नावाचं रत्न. पण भिंगातून पाहिलं, तर खड्याच्या मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसत होत्या. स्पिनेलमध्ये असं होत नाही, त्यातून जाणारा किरण दुभंगत नाही. आपल्याला भास होतोय असं म्हणून टाफ यांना तो खडा बाजूला टाकता आला असता. त्यांनी तसं केलं नाही. लंडनच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेतल्या बी. डब्ल्यू. अँडरसन यांना पत्र लिहिलं आणि खडाही पाठवून दिला. पत्राचा आशय एवढाच, की हा स्पिनेलसारखा वागतो आणि तरीही वागत नाही. बघा बरं, हे काय आहे?

पुढे बराच तपास झाला. रासायनिक घटक शोधायला त्या एवढ्याशा खड्याचा तुकडा कापावा लागला. शेवटी ठरलं, की हे खनिज आजवर कोणाला माहीतच नव्हतं. १९५१ मध्ये ते जगापुढे आलं आणि टाफ यांच्या नावावरून त्याला टाफाइट म्हणू लागले. खाणीत न सापडता पैलू पाडलेल्या खड्यातून ओळखलेलं खनिज म्हणून त्याची ख्याती आहे. म्हणजे टाफ यांच्या आधी कुणीतरी ते कापलं होतं, घासलं होतं, कोणीतरी विकलं होतं, कदाचित कोणाच्या बोटातही मिरवलं असेल. इतक्या हातांतून गेलं, पण नीट पाहून दुसऱ्याला विचारणारं माणूस त्याला तेव्हाच कुठे भेटलं.

आमच्याकडेही रोज तोच प्रश्न येतो. नाशिकचा पोरगा शेताच्या बांधावरून, रस्त्याच्या कामावरून दगड उचलतो आणि फोटो टाकतो. "बाई, बघा बरं, हे काय आहे?" मग एकेकाच्या सूचना सुरू होतात. शेजारी रुपया ठेवून फोटो काढ, म्हणजे आकार कळेल. उन्हात नको, सावलीत धर. काचेच्या तुकड्यावर ओढून बघ, ओरखडा उठला तर गारगोटी. उठला नाही, तर थोडी पूड खरवड आणि वर लिंबू पिळ, बुडबुडे आले तर कॅल्साइट. बहुतेक वेळा गारगोटीच निघते. तरी कोणी त्याला हसत नाही. काका आवर्जून लिहितात, "छान आहे रे, जपून ठेव."

हाच पोरगा गप्पांतून आम्हाला वाघोलीकडे घेऊन गेला. पुण्याजवळच्या वाघोलीत दगडखाणी आहेत. सुरुंग लावून काळा पत्थर फोडायचा, क्रशरमध्ये घालायचा, खडी करायची, पुण्याच्या इमारतींकडे गाड्या सोडायच्या. त्याच काळ्या पत्थरात जगातलं एक अत्यंत देखणं खनिज निघालं, कॅव्हन्साइट. ते पहिल्यांदा ओळखलं गेलं अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, आणि १९७३ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. पण जगभरच्या संग्रहालयांत जे उत्तमोत्तम नमुने मांडलेले असतात, ते वाघोलीचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून गरम, क्षारयुक्त पाणी झिरपलं आणि आत स्फटिक धरू लागले. पांढऱ्या स्टिल्बाइट खनिजाच्या बिछान्यावर गर्द निळे, गोल तुरे. जवळून पाहिलं, की कळतं, प्रत्येक तुरा म्हणजे मध्यापासून चहूबाजूंना फुटलेल्या सुईसारख्या बारीक स्फटिकांचा झुबका आहे. हा निळा व्हॅनेडियमचा. रंगवलेला वाटावा इतका भर निळा.

सुरुंग आणि क्रशर यांच्यामध्ये फार थोडा वेळ असतो. तेवढ्यात कुणा कामगाराची नजर त्या निळ्यावर पडते, तो तुकडा बाजूला काढतो, कोणाला तरी दाखवतो. तिथून तो व्यापाऱ्याकडे, संग्राहकाकडे, काचेच्या कपाटापर्यंत पोहोचतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात दख्खनच्या कातळातली अशी खनिजं मी पाहते, तेव्हा पाटीवर खनिजाचं नाव असतं, गावाचं असतं. ज्या माणसानं ते पहिल्यांदा बाजूला काढलं, त्याचं नसतं. ते असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. त्याच्या त्या एका क्षणाच्या थांबण्यामुळे ती वस्तू खडी व्हायची वाचली.

दगडाला स्वतःचं दुर्मिळपण ठाऊक नसतं. ते कुणाला तरी दिसावं लागतं. आणि दिसण्यासाठी साध्याचा भरपूर सहवास लागतो. टाफ यांना तो खडा वेगळा वाटला, कारण त्यांच्या नजरेखालून साधे स्पिनेल पुष्कळ गेले होते. रोज काळा पत्थर फोडणाऱ्यालाच त्यातला निळा चटकन दिसतो. रोजच्या गप्पांचं मोल मला इथं कळतं. बाईंचा सकाळचा "पाणी आलं" हा निरोप आम्हाला इतका सवयीचा, की एकदा तो आलाच नाही तेव्हा सगळ्यांनाच चुकल्यासारखं झालं. ठाण्याच्या मैत्रिणीनं फोन लावला. बाईंचे यजमान दवाखान्यात होते आणि कोणाला सांगावं हे त्यांना सुचत नव्हतं. काकांनी मध्यरात्री बोलून धीर दिला. नाशिकच्या पोरानं ओळखीच्या ओळखीतून बेळगावात डबा पोहोचवणारं घर शोधून काढलं. आधी तासन्‌तास पिठाच्या, पाण्याच्या गोष्टी बोललो नसतो, तर एका निरोपाची अनुपस्थिती कोणाच्या ध्यानात आली असती? नेहमीचं मनापासून ठाऊक असलं, तरच वेगळं काही घडलेलं जाणवतं.

फोनवरच्या गप्पा म्हणजे वेळेची नासाडी, असं म्हणणारे माझ्या घरातही आहेत. मला तसं वाटत नाही. या गप्पांतून एकमेकांकडे बघायची सवय लागते आणि ती सवय रत्नपरीक्षेइतकीच कष्टानं कमवावी लागते. अँडरसन यांना आलेलं पत्र त्यांनी "स्पिनेलच असेल" म्हणून बाजूला ठेवलं असतं, तर टाफ यांची नजर फुकट गेली असती. विचारणाऱ्याइतकाच उत्तर देणाराही मोठा. म्हणून गटात कोणी मातकट दगडाचा धूसर फोटो टाकला, तर मी हातातलं काम ठेवते आणि फोटो मोठा करून बघते. गारगोटी असेल तर गारगोटी म्हणून कळवते, नसेल तर पुढे विचारते. पण विचारणाऱ्याला उत्तराविना ठेवत नाही.