गरम झाल्यावर बघू

आमच्या पद्मिनीचं दुखणं विचित्र होतं. सकाळी चोक ओढून सेल्फ मारला की पहिल्या फटक्यात चालू. वीस-पंचवीस मिनिटं मस्त पळायची, मग मिस मारायला लागायची आणि आचके देत बंद. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गार झालेली, त्यामुळे मेकॅनिकसमोर एकदम गुणी.

1985चं मॉडेल, आजोबांनी घेतलेलं. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी पुन्हा करावी लागते, आणि आमची मुदत दोन महिन्यांवर आली होती. आई म्हणाली, "आता भंगारात द्या." बाबा काही बोलले नाहीत. इतकी वर्षं या गाडीचं सगळं काम ते स्वतः करायचे. पण दोन वर्षांपासून त्यांचा हात थरथरतो. बारीक स्क्रू धरता येत नाही.

मेकॅनिकचा सल्ला सोपा होता: कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, वायरी, सगळं एकदम बदला. बाबांना ते पटेना. "गाडी चालेल रे, पण काय बिघडलं होतं ते कळणारच नाही."

हे मला पटलं. ऑफिसात एका वेळी पाच गोष्टी बदलून बग गेला, तर तो गेला की लपला हे सांगता येत नाही. फरक इतकाच, की तिथे लॉग वाचता येतात. इथे गाडी बंद पडेल त्या क्षणी तिथे हजर असावं लागतं.

जुन्या इग्निशनचं काम थोडक्यात असं. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जुळलेले असतात तेव्हा कॉइलमधून करंट वाहतो. पॉइंट उघडले की तो तुटतो आणि कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. कंडेन्सर पॉइंटना जळू देत नाही आणि करंट झटक्यात तुटायला मदत करतो. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्या मारत असेल, तर चार सिलिंडरना मिळून सेकंदाला 100 ठिणग्या लागतात.

रविवारी दुपारी पार्किंगमध्ये बॉनेट बंद ठेवून इंजिन चालू केलं. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले. चाळीस मिनिटांनी गाडी मेली.

"पहिल्या प्लगची वायर काढ. तिला जादा प्लग लाव, इंजिनच्या लोखंडाला टेकव. मी सेल्फ मारतो." ठिणगी पडली, पण बारीक, पिवळी. उन्हाळ्यात पाइपात पेट्रोलची वाफ होऊनही गाडी अशीच बंद पडते, पण आता संशय ठिणगीवर आला. दुसरा कंडेन्सर बाहेरून जोडून पाहिला. तरी पिवळीच.

मग इग्निशन बंद करून बाबांनी फक्त कॉइलवर ओलं फडकं गुंडाळायला लावलं. दहा मिनिटांनी इंजिनला हात लावला तर अजून चटका बसत होता, पण ठिणगी निळी, कडक आवाजाची. गरम झाल्यावर कॉइलच आतून दगा देत होती.

नवी कॉइल बसवली, पॉइंटही साफ केले. त्यांचा गॅप साधारण 0.4 मिलिमीटर ठेवायचा. फिलर गेज माझ्या हातात. "सरकताना किती घासतेय?" मी म्हटलं, थोडी. "थोडी म्हणजे? वहीच्या पानांतून कागद ओढल्यासारखी?" जे त्यांना आजवर बोटांनी कळायचं, ते पहिल्यांदाच शब्दांत सांगावं लागत होतं. मधेच ते अडायचे, हवेत दोन बोटं चोळून बघायचे, मग शब्द सापडायचा.

फिटनेस पास झाली. पुढची पाच वर्षं गाडी आमचीच.

जुनी कॉइल मी टाकून देत होतो, बाबांनी ठेवून घेतली. अडीअडचणीला वीस मिनिटं तरी चालेल म्हणे. तिच्यावर चिकटपट्टी लावून त्यांनी मला लिहायला सांगितलं: "गार असताना चांगली. विश्वास ठेवू नये."