किलोमीटर भरले नाहीत तरी ऑइल बदला

आमची चारचाकी आठवड्यातून एकदा निघते, तीही फाट्यापर्यंत. वर्षाकाठी २ हजार किलोमीटर होत नाहीत. मेकॅनिक म्हणतो, "१० हजार होऊ द्या की." तरी मी वर्षाला ऑइल-फिल्टर बदलतोच.

कारण सांगतो. इंधन जळताना पाण्याची वाफ होते. इंजिन थंड असलं की तिचं पाणी ऑइलमध्ये उतरतं, सोबत थोडं न जळलेलं इंधनही. लांब गेलं की इंजिन तापून ते उडून जातं. ४-५ किलोमीटरच्या फेरीत तसंच राहतं, ऑइल आंबतं आणि उभ्या गाडीत बेअरिंग खातं. ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा पांढरट थर दिसला तर ओलावा समजा. कूलंटही कमी होत असेल तर आधी मेकॅनिक गाठा.

म्हणून उभी गाडी ५ मिनिटं चालू करून बंद करू नका. पंधरवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर पळवा.

ऑइल गाडीच्या पुस्तकात सांगितलंय तेच. ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर ट्रॅक्टरच्या कॅनमधलं १५डब्ल्यू-४० ओतू नका. महाग सिंथेटिक टाकलं म्हणून ओलावा चुकत नाही. पुस्तकात किलोमीटरशेजारी महिनेही असतात. जे आधी भरेल ते धरायचं.

ट्रॅक्टरचंही तेच. हंगाम संपून तो दोन-तीन महिने उभा राहणार असेल, तर उभा करायच्या आधी ऑइल बदला. घाण ऑइलवर उभा ठेवू नका. ऑइल परवडतं, इंजिनकाम नाही.

बदलल्याची तारीख बॉनेटखाली लिहून ठेवा.